पीडी मॅडमची जबान

लातूरच्या त्या महिला महाविद्यालयात चंद्रप्रभा देगलूरकर यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. प्राचार्य येऊन गेले, संस्थेचे अध्यक्ष बदलले, शिपायांची पोरं शिपाई झाली, पण सगळ्यांच्या तोंडी त्या पीडी मॅडमच. कॉलेजात खेळाचं खातं सांभाळणाऱ्याला आपल्याकडं पीडी म्हणतात, मग तो पोरांना खरंच खेळवो नाहीतर खुर्चीत बसून पेपर वाचो. ह्या खेळवायच्या. आणि काय खेळवायच्या, तर बास्केटबॉल! लातुरात, पोरींना! त्यांनी हे खूळ काढलं त्या काळात इथल्या निम्म्या बापांना टोपलीत चेंडू टाकायचा खेळ ऐकून हसू यायचं, आणि उरलेल्या निम्म्यांना हाफ पँटचं नाव ऐकून घाम फुटायचा.

मॅडम मूळच्या नांदेडच्या. वडील रेणुकादास देगलूरकर शाळेत मास्तर. घरात पुस्तकं आणि सोवळं दोन्ही भरपूर. त्या घरातली मुलगी विद्यापीठाकडून खेळली, नोकरीला लातूरला आली आणि इथंच राहिली. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची कुणाची टाप नव्हती. मॅडमच्या नजरेला पोरीच काय, प्राध्यापकसुद्धा टरकून असायचे.

पहिल्या वर्षी मैदानावर एक पोरगी फिरकली नाही. नोटीस लावली की पोरी येतील असं वाटणं हाच येडेपणा होता. मग मॅडमनी दुसरी वाट धरली. एसटीत बसायचं आणि पोरीच्या गावी, थेट तिच्या घरात जायचं. सतरंजीवर मांडी घालून बसायचं. चहा पिऊन होईपर्यंत खेळाचं नाव काढायचं नाही. सोयाबीन कसं आहे, तूर फुलली का, म्हातारीचे गुडघे काय म्हणतात, हेच. आणि मग बापाच्या डोळ्याला डोळा देऊन सांगायचं, "पोरगी माझ्या जिम्मेदारीवर. जशी नेली तशी आणून घालीन. काही झालं तर पहिल्यांदा माझ्या तोंडून कळेल, दुसऱ्याच्या नाही." बाप विचारायचा, "जबान देता का, मॅडम?" मॅडम म्हणायच्या, "दिली."

आणि पाळायच्या की! नांदेडहून येताना एकदा गाडी लोह्याजवळ बंद पडली, तर साऱ्या संघाला देवळात बसवून मॅडमनी एकेकीच्या गावात फोन लावला. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांच्या शेजाऱ्यांना उठवलं. एकीचं पाऊल मोडलं, तर प्लास्टर वाळायच्या आत तिला घेऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या आणि बापाच्या शिव्या खाली मान घालून ऐकल्या. पुढं पुढं असं झालं की पीडी मॅडम नेणार म्हटलं की बाप काही विचारायचाच नाही, आई उठून डबा बांधायला घ्यायची.

करंडक आले, पेपरात फोटो आले, पोरी पोलिसात लागल्या, मास्तरणी झाल्या. ते सगळं खरंच. पण मॅडमची खरी कमाई म्हणजे ही जबान, आणि लोकांनी आपणहून तिचा आणखी एक उपयोग शोधून काढला होता. लग्नाची चौकशी! मुलाकडचे लोक मुलगी बघून गेले की चार दिवसांनी त्यांच्यातलं एखादं जाणतं माणूस गुपचूप कॉलेजात यायचं. "पोरगी तुमच्या हाताखालची हाय म्हणं. कशी हाय?" मॅडम जे असेल ते सांगायच्या. चांगलं तर चांगलं, तापट तर तापट.

एकदा ह्या खरं सांगण्यानं घात केला. मुरुडच्या एका पोरीला फीट यायची. मुलाकडच्यांनी विचारलं, मॅडमनी सांगून टाकलं. गोळ्या चालू आहेत, काळजीचं कारण नाही, हेही सांगितलं. पण पुढचं वाक्य ऐकायला कोण थांबतंय? सोयरीक मोडली. खबर गावोगाव गेली आणि त्या पोरीला पुन्हा कुणी बघायलाच आलं नाही. पुष्कळ वर्षांनी ती मॅडमना मुरुडच्या बाजारात दिसली. भावाच्या घरी राहत होती, भावजयीची लेकरं सांभाळत होती. मॅडमना बघून हसली, भर बाजारात वाकून पाया पडली. त्या दिवशी मॅडमना घास गिळवला नाही. आपण हिचं वाटोळं केलं, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण शिल्पाच्या बाबतीत मॅडम जे वागल्या ते ह्याशिवाय कळायचं नाही.

शिल्पा किल्लारीची. बाप दगडोबा, चार एकर बागायती, ऊस कारखान्याला जायचा, खाऊनपिऊन सुखी घर. भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या गावात त्यांचं घर होतं, आणि त्या घराच्या चौकटीतून वाकून यावं लागेल एवढी उंच पोरगी. मॅडमनी तिला बघितलं आणि त्यांचे डोळेच चमकले. नेहमीप्रमाणं चहा झाला, उसाचा उतारा विचारून झाला, जबान दिली. दगडोबा हसून म्हणाला, "मॅडम, येवढी एकच हाय मला. जपून."

पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात, विद्यापीठाच्या स्पर्धा तोंडावर असताना, सरावात शिल्पा चक्कर येऊन पडली. वार गुरुवार. आता मार्गशीर्षातल्या गुरुवारी पोरी उपाशी पळतात आणि चक्कर येऊन पडतात, हे मॅडमना तोंडपाठ होतं. त्या दरवर्षी ओरडायच्या, पोरी दरवर्षी चोरून उपास धरायच्या. मॅडमनी तिच्या तोंडात राजगिऱ्याचा लाडू कोंबला आणि सगळ्यांसमोर झापलं, "लक्ष्मी पावायची ती पोटात अन्न असलं तरी पावते, कळलं का? ऊठ!" शिल्पा उठली. उपास होता असंच तीही म्हणाली. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच झालं, आणि मॅडमनी पुन्हा लाडू काढला.

तिसऱ्यांदा पडली तो रविवार होता. सकाळी साऱ्याजणी पोहे खाऊन आल्या होत्या. शिल्पानं दोनदा घेतले होते, मॅडमनी स्वतः वाढले होते. ओठ जांभळे पडलेले, छाती भात्यासारखी वरखाली. मॅडमनी तिच्या छातीवर हात ठेवला. "उपास नव्हताच ना गं तुझा?" त्यांनी विचारलं. शिल्पानं डोळे मिटून मान हलवली. "नव्हता, मॅडम. कधीच नव्हता. सांगितलं असतं तर तुम्ही खेळू दिलं नसतं."

हृदयाच्या डॉक्टरांनी मशीन लावून बघितलं आणि मॅडमना बाजूला घेतलं. लहानपणी हिला ताप येऊन सांधे धरायचे का, असं विचारलं. धरायचे. त्या तापानं हृदयाची एक झडप आखडत आली आहे, म्हणाले. खेळ आजपासून बंद. फुग्यानं झडप मोकळी करता येते, चिरफाड लागत नाही, पण करायलाच पाहिजे. "आणि लग्नाआधी करा," डॉक्टर म्हणाले. "आत्ता बसल्या जागी बरी दिसते. दिवस गेले की रक्त वाढतं, ही झडप ते पेलत नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यात आडवं झालं की खोकला येईल, बसून झोपावं लागेल. तेव्हा वेळ फार थोडा असतो." मॅडमनी शब्द न् शब्द मनात साठवला. नसता साठवला तर बरं झालं असतं, असं त्यांना पुढं वाटायचं.

दुसऱ्याच दिवशी त्या किल्लारीला गेल्या. पहिल्यांदा माझ्या तोंडून कळेल, असं म्हणाल्या होत्या ना. दगडोबानं सगळं ऐकून घेतलं. मग उठून दार लोटून आला.

"कुणाकुणाला ठाऊक हाय हे?"

"मला, डॉक्टरांना, शिल्पाला. आता तुम्हाला."

"मग हितंच ऱ्हाऊ द्या, मॅडम. तुमच्या पाया पडतो. दवाखान्यात भरती केलं की पैल्यांदा गावाला कळतं. काळजाची दुखणेकरी म्हणून एकदा नाव पडलं तर माझी पोरगी कोण करंल? तुम्हीच सांगा, कोण करंल?"

मॅडमच्या डोळ्यांपुढं मुरुडचा बाजार उभा राहिला. त्या म्हणाल्या, "मी बोलणार नाही. पण लग्नाआधी इलाज करायचा. लांब हैदराबादला न्या, सोलापूरला न्या, पण करा."

"करतो. लेकीच्या गळ्याची आन," दगडोबा म्हणाला. "पर तुमी जबान द्या."

मॅडमनी दिली. आजवर इतक्या घरांत दिली होती, जीभ सरावलेली होती. किल्लारीहून परत येताना जीपमध्ये त्यांना उगाच थंडी वाजत राहिली, बाहेर ऊन असूनसुद्धा.

शिल्पाचं खेळणं सुटलं. गुडघा दुखावला असं कॉलेजात सांगितलं. पदवीचं शेवटचं वर्ष संपतंय तोवर एक दिवस भोकरहून सिंधु आली. सिंधु म्हणजे मॅडमच्या अगदी पहिल्या संघाची कॅप्टन. त्या काळात बापाशी भांडून खेळलेली, आता भोकरला मोठ्या घराची मालकीण, मुलगा व्यंकट कृषी सेवा केंद्र चालवतो. दर दिवाळीला न चुकता मॅडमच्या पाया पडायला येणारी पोरगी. तिचे केस पिकायला लागले तरी मॅडमना ती पोरगीच.

"मॅडम, व्यंकटसाठी किल्लारीची पोरगी बघून आलोत," ती म्हणाली. "तुमच्याकडंच खेळलेली, शिल्पा. घर चांगलं हाय, पोरगी तर लई गोड. मला दुसऱ्या कुणाला विचारायचंच न्हाई. तुमी हाव म्हणलात की मी सुपारी फोडते. निकोप हाय ना?"

त्याच आठवड्यात मॅडमनी दगडोबाला फोन केला होता. तो लगोलग म्हणाला होता, "झालं की! हैदराबादला दाखवून आणलं. डॉक्टर म्हणले, आता काय बी न्हाई." इतकं भरकन म्हणाला होता की मॅडमच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. कागद दाखवा, असं त्या म्हणू शकल्या असत्या. म्हणाल्या नाहीत, कारण कागद नसता तर काय करायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. आता सिंधु समोर बसून तोंडाकडं बघत होती, आणि तिच्या नजरेत शंकेचा कणसुद्धा नव्हता.

"दोन वर्षं माझ्या हाताखाली पळली आहे," मॅडम म्हणाल्या. "तिला काय धाड भरलीय?"

सिंधु खळखळून हसली. मॅडमही हसल्या. संपलं! साऱ्या नोकरीत न केलेली गोष्ट एका वाक्यात झाली, आणि कॉलेजच्या मैदानावर पोरी आपल्या चेंडू आपटत राहिल्या.

लग्न किल्लारीलाच झालं. मॅडम गेल्या, जाणं भागच होतं. वाजंत्री वाजत होती, दगडोबा ह्या टोकाहून त्या टोकाला पळत होता, पण मॅडमच्या बाजूला काही येत नव्हता. मॅडम नवरीच्या खोलीत गेल्या. शिल्पा हिरव्या शालूत बसली होती, हातभर चुडा, चेहरा फुललेला. बाकीच्या बायका जरा बाहेर गेल्याचं बघून मॅडमनी विचारलं, "हैदराबादला डॉक्टरांनी फुगाच घातला ना गं? त्रास झाला का?"

शिल्पानं वर बघितलं. "कुठलं हैदराबाद, मॅडम?"

"अगं, बाबा तुला घेऊन गेले होते ना?"

"न्हाई," ती हळूच म्हणाली. "मी कुठंच गेले न्हाई. बाबा म्हणले, खेळ सोडला की आपोआप बरं होतंय. मला आता काही होत बी न्हाई. मॅडम, आज नका ना."

बाहेरून हाक आली, मुहूर्त भरत आला. शिल्पाला बोहल्याकडं नेलं. त्या वेळी मॅडमनी सिंधुचा हात धरून तिला बाजूला न्यायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. मांडवात सगळं गाव, पंगतीची पानं मांडलेली, मुलगी अंतरपाटासमोर उभी. दोन वाक्यांत ती मुलगी जन्मातून उठली असती. मॅडम मुठीत अक्षता धरून उभ्या राहिल्या. सगळ्यांनी टाकल्या तेव्हा त्यांनीही टाकल्या. नंतर हात उघडला तर तांदूळ घामानं तळव्याला चिकटले होते.

त्या दिवसापासून मॅडमना फोनची धास्ती बसली. सिंधुचं नाव दिसलं की जरा वाजू देऊनच उचलायच्या. सुरुवातीला नुसतं कौतुक असायचं. मग एकदा ती म्हणाली, "सून गुणाची हाय, पर थोडी आळशी हाय हो. जिना चढली की बसती. मी म्हणलं, आगं, पीडी मॅडमच्या हाताखालची ना तू? आमाला मॅडमनी काय शिकवलं, दम लागला म्हणून बसायचं न्हाई! आता पहाटंच उठवून माझ्यासंगं चालायला नेते."

"नको नेऊ," मॅडम एकदम ओरडल्या.

"का हो?"

"अगं... नवी नवरी आहे. झोपू दे की जरा."

सिंधु हसली. मॅडम तुमी म्हाताऱ्या झालात, म्हणाली.

आणि पावसाळा सरता सरता तो फोन आला. सून पोटुशी आहे, तिसरा लागला. "पैल्यांदा तुमालाच सांगून ऱ्हायले, मॅडम, माझ्या आईच्या बी आधी!" मॅडमनी अभिनंदन केलं. फोन ठेवला आणि कपाटाला धरून उभ्या राहिल्या.

शिल्पाला फोन केला तर ती कुजबुजली, "मॅडम, फोन करत जाऊ नका. आत्याबाई ऐकतात." सासूला ती आत्याबाई म्हणायची. डॉक्टरला हृदयाचं सांग, असं मॅडम म्हणाल्या. "सांगते," ती म्हणाली, आणि सांगणार नाही हे दोघींनाही कळलं. दगडोबा तर फोनच उचलेना. मॅडम रोज ठरवायच्या, उद्या भोकरला जायचं. रोज काहीतरी निघायचं, निवड चाचणी, संघाचे गणवेश, विद्यापीठाची बैठक. खरं कारण एकच, सिंधुच्या डोळ्याला डोळा द्यायची हिंमत होत नव्हती. बेजार झाल्या. सरावात शिट्टी वाजवायची विसरू लागल्या. पोरी म्हणायच्या, मॅडमची रिटायरमेंट जवळ आली म्हणून असं होतंय. खेळताना एखादी पोरगी धापा टाकत खाली बसली की मॅडम खेळ थांबवायच्या, धावत जाऊन तिचे ओठ बघायच्या. पोरींना गंमत वाटायची.

सहावा महिना लागला आणि सिंधुचा फोन आला. बोलणं दुसरंच चाललं होतं, व्यंकटच्या दुकानाचं, कापसाच्या भावाचं. मधूनच म्हणाली, "सुनंला खोकला लागलाय बघा. दिवसा काय न्हाई, आडवं झालं की धरतो. रात्रभर भिंतीला टेकून बसती बिचारी. हळद-दूध देऊन राहिलेय."

मॅडमनी पुढचं ऐकलं नाही. पायात चप्पल सरकवली आणि नांदेडची गाडी धरली, नांदेडहून भोकरची. वाटेत एसटी प्रत्येक थांब्यावर थांबत होती आणि मॅडम ड्रायव्हरवर मनातल्या मनात दातओठ खात होत्या. आपण तीन महिने थांबलो ते काही त्यांना आठवायचं नव्हतं.

सिंधु दारातच पाया पडली. "अगंबाई! न सांगता? शिल्पा, बघ कोण आलंय!" शिल्पा पाण्याचा तांब्या घेऊन आली. चार पावलं चालली आणि चौकटीला धरून थांबली. पाय सुजलेले, ओठांवर तो रंग. सिंधु बोलतच होती, पोहे टाकते म्हणत होती.

"पोहे राहू दे," मॅडम म्हणाल्या. "सिंधु, हिच्या हृदयात दोष आहे. लग्नाआधीपासून आहे. मला माहीत होता. हिला आत्ताच्या आत्ता नांदेडला न्यायला पाहिजे."

शिल्पाच्या हातातला तांब्या डचमळला. "खोटं!" ती म्हणाली, आणि एवढं म्हणतानाच तिला दम लागला. "आत्याबाई, खोटं हाय. मी खेळ सोडला म्हणून मॅडम माझ्यावर चिडून हायेत. मला काही न्हाई."

सिंधु एकीकडून दुसरीकडं बघत राहिली. मग मॅडमना म्हणाली, "मी विचारलं व्हतं की तुमाला. तुमी हसलात. मॅडम, तवा खरं बोललात का आता?"

"आता."

"मग तवा?"

शिल्पा खोकू लागली. थांबेचना. पदर तोंडाला लावला, तो काढला तर त्यावर गुलाबी फेसाचा डाग. सिंधुनं तो बघितला आणि तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

"मला शिव्या नंतर दे," मॅडम म्हणाल्या. "आधी गाडी काढायला सांग."

व्यंकटनं जीप काढली. नांदेडपर्यंत शिल्पाला आडवं होता येईना. मॅडम एका बाजूला, सिंधु दुसऱ्या बाजूला, मध्ये ती ताठ बसलेली, श्वासाला शीळ लागलेली. दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आजचा दिवस सावरू, सकाळी फुगा घालून झडप मोकळी करू, पोटातल्या बाळाचं आणि आईचं दोघांचं अवघड आहे, खात्री देत नाही. आणि त्यांनी विचारलं, "एवढं जुनं दुखणं, घरात कुणालाच माहीत नव्हतं?" सिंधुनं मॅडमकडं बघितलं.

रात्री व्यंकटनं कळवलं होतं, सकाळी दगडोबा आला. अंगात कालचाच सदरा. शिल्पाला खाटेवरून आत न्यायची तयारी चालली होती. सिंधु वाटच बघत होती.

"दगडोबा, एकच विचारते. तुमाला ठाऊक व्हतं का न्हाई?" तिचा आवाज वाढलेला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटत होती. "ठाऊक असून फसवून दिली असंल, तर पोरगी वाचली की हितूनच परत न्या. फसवून आलेली सून मला घरात नको. व्यंकट, तू मधी बोलू नको."

दगडोबानं लेकीकडं बघितलं. शिल्पाच्या तोंडावर मास्क होता, डोळे उघडे होते आणि ती बापाकडं बघत होती. मग तो मॅडमकडं वळला. त्या नजरेत काय नव्हतं! लाज होती, भीक होती, आणि माणूस बुडायला लागला की हाताला लागेल ते धरतो, ते होतं.

"मला कुठलं ठाऊक, ताई?" तो म्हणाला. "ह्याच मॅडमनी दवाखान्यात नेलं व्हतं. मला म्हणल्या, उपासानं चक्कर आली. मी अडाणी माणूस. ह्यांच्या जबानीवर पोरगी सोपवली व्हती मी."

मॅडमच्या मस्तकात तिडीक गेली. अरे माणसा! तुझ्या घरात बसून, तुझं दार लोटलेलं असताना सांगितलं होतं की रे! लेकीच्या गळ्याची आन घेतली होतीस! तोंडात शब्द आले होते. आणि त्याच वेळी खाटेवरून शिल्पानं त्यांच्याकडं बघितलं. ती काही मागत नव्हती, नुसती बघत होती. सांगितलं खरं, तर ही वाचूनसुद्धा किल्लारीला परत जाणार, पोटात लेकरू घेऊन. साऱ्या मुलखाला कळणार, बापानं फसवून दिलेली, काळजाची दुखणेकरी.

"हो," मॅडम म्हणाल्या. "ह्यांना मी सांगितलंच नव्हतं."

"का?" सिंधु म्हणाली.

कारण द्यायला पाहिजे होतं, आणि सिंधुला पटेल असं. मॅडमनी ते शोधलं. "विद्यापीठाचा करंडक होता. हिच्याशिवाय संघ उभा राहत नव्हता. बापाला कळलं असतं तर त्यांनी पोरगी काढून घेतली असती."

सिंधु जागेवरून हलली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. "करंडकासाठी," ती म्हणाली. "पोरीचा जीव. आन मी माझ्या आईपेक्षा तुमाला मानलं." मग ती दगडोबाकडं वळली. "तुमी बसा, भाऊ. तुमचा काय दोष? पोरगी माझी हाय, मी बघून घेते." आणि मॅडमकडं न बघता म्हणाली, "बाई, तुमी निघा आता. पुन्हा माझ्या दारात येऊ नका."

शिल्पाची खाट दारातून आत गेली. तिनं डोळे मिटले होते.

मॅडम जिना उतरल्या. गेल्या मात्र नाहीत. समोरच्या रस्त्याला चहाची टपरी होती, तिच्या आडोशाला उभ्या राहिल्या. ऊन चढत गेलं. टपरीवाल्यानं दोनदा विचारलं, चहा देऊ का, मावशी. त्यांना ऐकूच आलं नाही. हात जोडावेत असं त्यांना वाटत होतं, पण कुठल्या तोंडानं, हेही वाटत होतं.

दुपारच्या सुमारास व्यंकट बाहेर आला, फोन कानाला लावलेला. दगडोबा त्याच्या मागं. "हाव, झालं," व्यंकट फोनवर म्हणत होता, हसत होता आणि रडत होता. "शुद्धीवर आली. बोलली माझ्याशी. लेकरू बी नीट हाय म्हणले." मॅडमनी टपरीच्या बांबूला धरलं. दोघं रस्ता ओलांडून टपरीकडंच येत होते. दगडोबाची नजर मॅडमवर पडली, आणि तो जागीच थबकला.

मग त्यानं जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "चला जावईबापू," तो म्हणाला, "पलीकडं चहा चांगला मिळतो."